सुधीरचं पूर्ण नाव

बडोदे, मंगळवार संध्याकाळ

सकाळी मी मेलच्या प्रोग्रॅमची सेटिंग बदलली, म्हणजे इंजिनियरांच्या न्यूजग्रुपवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जाहीर चर्चागटावर, उत्तरं तिथूनच टाकता येतील. दुपारी माझ्या मित्राचा, सुधीरचा, खासगी मेल आला. तो नोकरी करतो त्या वाघोडियाच्या कारखान्यात गॅसगळतीचा अलार्म महिनाभर मुद्दाम बंद ठेवलाय, असं त्यानं लिहिलं होतं. मी त्याला उत्तर दिलं आणि नव्या सेटिंगमुळे ते त्याच्या मेलसकट ग्रुपवर गेलं. खाली त्याचं पूर्ण नाव. मी लगेच काढून टाकलं, पण तोवर कोणीकोणी वाचलं असेल? नुसतं नाव नाही, पूर्ण नाव. सातला त्याला फोन केला, तो वहिनींनी उचलला.

“यांना कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी गाडी पाठवून बोलावून नेलंय. फोन घरीच राहिला. भावजी, तुम्हाला काही माहीत आहे का?”

मी नाही म्हणालो.