खांब कुणाच्या जमिनीत

मु. पिंपळटाका, वडवणीनजीक
वैशाख वद्य षष्ठी, शके १८३७

तीर्थरूप अर्जुनदादा,

तुमच्या धाकट्या बहिणीचा दंडवत. इकडे आम्ही सारे खुशाल. ऊन लई आहे. शेवया-कुरडया वाळून डब्यात गेल्या. हैदराबादेस कुणी येणारं भेटलं की वहिनींसाठी धाडीन.

तुमची इंग्रजीतून उतरवलेली गोष्ट मिळाली. "करमणुकीपुरती वाच," असं तुम्ही लिहिलं होतं. वाचली. मागच्या अंगणात शेवया वळायला आलेल्या बायकांनाही वाचून दाखवली. त्यांना आवडली. त्यावरून गावात थोडी गडबड झाली, पण आता सगळं निवलं आहे.

दादा, थोडी नव्हे. तुमच्या कानावर भलतंच काही जाण्याआधी मीच सांगते.

यंदा बारवेचं पाणी तळाला गेलं. बारव साऱ्या गावानं मिळून खणलेली, पण वाट आमच्या मळ्यातून. मामंजींनी केळीच्या बागेसाठी तिच्या दाराला कुलूप घातलं. धनगरवाडीच्या बायका नदीत झिरे खणून वाटीवाटीनं घागर भरत. मेंढरं मरायला लागली. सटवा धनगर मामंजींच्या पाया पडायला आला, तर म्हणाले, "कशाला येतोस रं सारखा? माझं पाणी हाय."

असे ते दिवस आणि त्यात तुमची गोष्ट. लोखंडी खांबांवर उभं शहर, वर बागा आणि महाल. खाली सावलीत माणसं चाकं फिरवतात, तेव्हा वरचे दिवे लागतात. आणि अंगावर घटकाभर ऊन घ्यायचं तर खालच्यांनी वरच्यांना दाम द्यायचा. ऐकता ऐकता बायकांचे हात थांबले. सटव्याची बायको मनकर्णा म्हणाली, "वैनीसाब, त्ये खांब कुणाच्या जमिनीत हायत?"

"खालच्यांच्याच."

"मंग ऊन वरच्यांचं कसं?"

मी पुढं वाचलं. शेवटी खालची माणसं खांब पाडतात आणि सगळेच गाडले जातात, हे ऐकून ती उखडलीच. "असला कसला शेवट! त्या लिवणाऱ्याला आमी जगायला नगंत व्हय?"

मी कागद उलटा केला आणि मागं मजकूर असल्यासारखी वाचत गेले, "मग एके दिवशी खालच्यांनी चाकं फिरवायची थांबवली. खांब तसेच राहिले. वर मात्र अंधार झाला." दादा, तुमच्या कागदाच्या मागं काहीच नव्हतं. ते माझं.

दुसऱ्या दिवशी आमची मोट कुणी जुंपली नाही. गोठ्यात शेण तसंच पडलं. धुळाजी गडी आमच्याच घरी म्हातारा झालेला, तोही फिरकला नाही. म्हशी हंबरून हंबरून दमल्या. केळीची पानं लोंबायला लागली. बायका बारवेच्या दारापाशी जाऊन बसल्या, त्या उठेनात.

मामंजी तिथं गेले. आमच्या माडीच्या झरोक्यातून सगळं दिसतं, ऐकूही येतं. "ह्ये कुणी शिकवलं तुमाला?" मग त्यांनी मनकर्णाकडं बोट केलं. "हिचंच काम हाय. सटव्याचं बिऱ्हाड आजच गावाबाहेर काढा."

माझं नाव तिच्या ओठांवरसुद्धा आलं नाही.

लग्न होऊन आल्यापासून मी पुढच्या दारानं कधी बाहेर पडले नव्हते. तुम्हाला आमचा गोषा ठाऊकच आहे. त्या दिवशी पुढच्याच दारानं गेले. पाटलाची सून उघड्या तोंडानं येते म्हटल्यावर लोकांनी वाट सोडली.

"मी शिकवलं," मी म्हणाले.

"आत जा."

"बारव उघडा. मग जाते."

त्यांनी हात उगारला. तो खाली यायच्या आत माझ्यामागून किल्ल्यांचा आवाज आला. सासूबाई! अहो, छबुबाई पाटलीण, जिला गावातल्या निम्म्या माणसांनी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं, ती कमरेचा जुडगा सोडत उन्हातून चालत आली.

मामंजी म्हणाले, "तुला काय झालं?"

"दाराआडून समदी गोष्ट ऐकली म्या," त्या म्हणाल्या. "माडीवर राहत हुते, म्हून वाटायचं आपुन वरचे. पर ऊन तर मलाबी कदी घावलं न्हाई."

आणि त्यांनी कुलूप काढलं.

काय तो गलका झाला, दादा! बायका, पोरं, मेंढरं, सगळी एकदमच पायऱ्या उतरायला लागली. मामंजी तणतणत चावडीवर निघून गेले; बायकोच्या हातातून किल्ली हिसकावणं चारचौघांत त्यांना जमलं नाही. निम्मी केळ वाळली. बाकीची जगेल. बारवेला आता कुलूप नाही. मामंजी माझ्याशी बोलत नाहीत; जेवतात मात्र. आमचे हे तेव्हा बीडला गेलेले; परत आल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मी इथं हवा होतो."

तेव्हा मला माहेरी न्यायला कुणाला धाडू नका.

आज मी स्वतः पाण्याला गेले होते. मनकर्णानं घागर डोक्यावर चढवून दिली. मला काही ती पेलली नाही. निम्मी अंगावर सांडली. साऱ्याजणी हसल्या आणि सगळ्यांत मोठ्यानं सासूबाई.

ओली, हसणारी, आपल्या पायांनी घरी आलेली,
तुमची सत्यभामा