दोन भिंतींमधला सांधा

प्रिय गणूदादा,

उद्या दहाला पंचायतीचे इंजिनिअर घर बघायला येतील. तुझा भाग पाडला तर माझाही कोसळेल, अशी तक्रार मी केली आहे. ती खोटी आहे.

चाळीस वर्षांपूर्वी, तुझ्या लग्नाआधी, आपल्या नानांनी आजोबांच्या घराला तुझ्या दोन खोल्या जोडल्या. विटा त्याच रेवसकडच्या भट्टीतल्या, म्हणून घर एकसंध दिसतं. पण नानांनी विटांत विटा गुंतवू दिल्या नाहीत. दोन भिंती नुसत्या एकमेकींना टेकून उभ्या आहेत. "पुढं एकानं पाडलं तर दुसऱ्याचं हलू नये," असं ते म्हणाल्याचं हिरामण गवंड्याला आठवतं.

आज त्याच्याकडूनच मी तो सांधा गिलाव्याखाली बुजवून घेतला. "ताई, कॉन्व्हेंटच्या शालेत ह्येच शिकवलं व्हय?" तो म्हणाला. मला हसू आलं नाही. गिलावा अजून ओला आहे. सारखी हात लावून बघते.

माझं घर पडणार नाही, दादा. पण तुझा भाग पाडून जागा बंगलेवाल्यांना विकलीस, तर गणपतीला तुला माझ्याकडे पाहुणा म्हणून यावं लागेल. पाहुणा म्हणून तू कुठेच जात नाहीस.

हे पत्र टाकलं तर तक्रार संपेल. म्हणून टाकत नाही.

तुझ्या बाजूचं अंगण अजून झाडणारी,
सगुणा