दुपारच्या खेळाचा पाचवा माणूस

३ मे २००९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलेली बातमी तुला बातमी वाटत नाही, म्हणून लिहायला बसलो. काल आमचं थिएटर सुरू झालं. बस डेपोच्या पलीकडे आपण सायकल शिकलो, त्या मोकळ्या जागेवर आता चार पडदे, सरकता जिना आणि पाय रुतेल असा लाल गालिचा. रांग पार बस थांब्यापर्यंत गेली होती. मी सहायक मॅनेजर, गळ्यात टाय. आपल्या लग्नातसुद्धा तुम्ही इतके बरे दिसला नव्हता, असं ही म्हणाली.

अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि दारावरच्या माणसाला सांगत सुटले की मी मॅनेजरचा बाप. जन्मभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आता जरा मिरवावंसं वाटलं असेल. पण माझी पंचाईत झाली. घरी आल्यावर सांगून टाकलं की पुन्हा येऊ नका, लोकांना वाटेल मी घरच्यांना फुकट घुसवतो. हिरमुसले थोडे. होतील ठीक.

भावोजींना नमस्कार, पोरांना पापे. माझ्यावरचा लोभ टायसकट राहू दे.

तुझा
धाकटा

११ मे २००९

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. टाय कुणी बांधून दिला ते मात्र लिहिलं नाहीस. तुला चपलेचा पट्टा धड लावता येत नव्हता, ते मी विसरलेले नाही.

अण्णांना येऊ नका म्हणालास हे काही बरं केलं नाहीस. अर्थात तुझ्या नोकरीतलं तुला ठाऊक. त्यांना महिनाभर इकडे आणायचं कधीपासून मनात आहे, पण घर लहान, त्यात सासूबाई असतात. पुढच्या वर्षी नक्की आणते, असं त्यांना सांग.

मोठा साहेब झालास तरी पत्र लिहीत जा. इकडचा लोभ आहेच, तो काही थिएटर बघून वाढायचा नाही.

ताई

६ मार्च २०१७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मॅनेजर झालो खरा, पण कशाचा, ते विचारू नकोस. तीन आणि चार नंबरचे पडदे बंद आहेत. तिथल्या खुर्च्या उपसून एक आणि दोनमध्ये मोडलेल्यांच्या जागी बसवल्या. गालिच्याला कुबट वास येतो आणि सरकता जिना लोक पायांनी चढतात. सिनेमा आता सगळे घरी लोळत बघतात.

मुख्य कचेरीचा नियम आहे की पाच माणसं नसतील तर खेळ लावायचा नाही. दुपारचे खेळ असे पडत राहिले तर थिएटरला कुलूप. आणि दुपारी नेमाने येतात चार. तीन पेन्शनवाले आणि स्वेटर विणणाऱ्या एक बाई. नोकरमाणसं बसवावीत तर कॅमेऱ्यात गणवेश दिसतो. ही आठवडाभर बसली, मग तिने माझ्याशी बोलणं टाकलं.

शेवटी अण्णांची आठवण झाली. म्हटलं, तुमच्याशिवाय मला करमत नाही, रोज दुपारी येत जा. ताई, म्हातारा रडला! आता बारापासून कपडे करून बसलेला असतो. एकच सिनेमा सोळा वेळा पाहिलाय. शेजारीपाजारी सांगतो की मुलाचं माझ्यावाचून पान हलत नाही. आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्या निमित्ताने ही माझ्याशी बोलायला तरी लागली.

हे तुझ्यामाझ्यात ठेव. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

धाकटा

२० मार्च २०१७

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. ते राहू दे. अण्णा फोनवर म्हणाले की दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात आणि बाजूने आलेलं माणूस दिसतच नाही. तिथल्या डॉक्टरांचे कागद मागवून इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवले. काचबिंदू आहे. एक डोळा गेल्यातच जमा आहे. दुसरा लगेच ऑपरेशन केलं तर टिकेल, आणि एकदा गेलेली नजर परत येत नाही, असं त्यांनी मला दोनदा समजावलं.

१४ एप्रिलची तारीख घेतली आहे. पुढे दीड महिना विश्रांती. या वेळी घर लहान वगैरे काही नाही, बारा तारखेला त्यांना गाडीत बसवून दे. एवढं केलंस तर बाकी सगळं विसरेन.

ताई

२ एप्रिल २०१७

ती. ताईस,
नमस्कार.

मोठे साहेब जूनअखेर पाहणीला येणार आहेत. तोवर एक जरी दुपार पडली तरी आमच्यावर फुली. दीड महिना पाचवा माणूस मी कुठून आणू? ही रोज औषधाचे थेंब घालते. तारीख जुलैची घे.

अण्णांना विचारलं होतं. ते म्हणाले की डोळ्यांचं काय एवढं, तुला करमायचं नाही. तेव्हा जबरदस्ती कुणी केलेली नाही. आणि आठ वर्षं तुझं पुढच्या वर्षी नक्की चाललंय, तू मला तीन महिन्यांचा जाब विचारू नकोस.

लोभ तुझ्या मर्जीवर.

धाकटा

९ ऑगस्ट २०१७

ती. ताईस,
नमस्कार.

कुलूप लागलं. साहेबांची पाहणी पुढे पुढे जात राहिली, म्हणून जुलैची तारीखही मी टाळली, आणि अखेर साहेब आलेच नाहीत. नुसता कागद आला. शेवटच्या दिवशी भर सिनेमात अण्णांनी मला बोलावून विचारलं की आज नुसता आवाजच का लावलायस.

आता ते मोकळे आहेत. मी नोकरी शोधतोय, ही माहेरी गेली. शुक्रवारी सोबत देऊन पाठवतो. आता खुशाल ऑपरेशन कर.

धाकटा

३० ऑगस्ट २०१७

धाकट्या,

डॉक्टरांनी पाच मिनिटांत तपासलं आणि दिवा बंद केला. ऑपरेशन करण्यासारखं काही उरलेलं नाही. दोन्ही डोळे गेले.

त्यांच्या तोंडी मात्र तुझंच कौतुक. धाकट्याला एकट्याला कसं करमत असेल, याचीच काळजी. मला ते ऐकवेना. मागच्या आठवड्यात घरात कुणी नसताना तुझी पत्रं काढली आणि पहिल्यापासून त्यांना वाचून दाखवली. म्हातारा रडला, तेही. पोट धरून हसलो, तेही. कुठे अडखळले नाही. खोटं कशाला लिहू, वाचताना मला बरं वाटत होतं.

ते तुला शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी झालं का एवढंच विचारलं. मग म्हणाले की धाकट्याला पाच माणसं पुरी करायची होती म्हणून त्याने फसवलं, तुला काय पुरं करायचं होतं?

तेव्हापासून समोर ताट ठेवलं की ते कोण आहे म्हणून विचारतात, आणि मी आहे म्हटलं की हात मागे घेतात. म्हणून चार दिवस झाले, मी आवाज न करता ताट ठेवते आणि त्यांचं जेवण होईपर्यंत भिंतीशी श्वास रोखून उभी राहते.

लोभाचं काही लिहीत नाही.

ताई