साहेब अजून कामावर

३ मार्च

साहेबांच्या पेशी जिवंत आहेत!

प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. "तुमचा मुलगा" म्हणून त्याचं पूर्ण नाव घेतलं त्यांनी, तरी क्षणभर मला कळेना. घरात तो साहेबच. व्हीलचेअरवरून हुकूम सोडायचा ना सगळ्यांना.

पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने स्नायूचा तुकडा संशोधनाला दिला होता. ते ठाऊक होतं. पण तो तुकडा वाढतोय! "एक दिवसाआड खाऊ घालते त्यांना," बाई सहज बोलून गेल्या. त्याच्या स्नायू झिजण्याच्या आजारावरचं नवं औषध त्यांच्यावर तपासायचंय. तो गेल्याचं कळलं म्हणून विचारतायत — चालेल ना?

हिला सांगायचा धीर झाला नाही.

४ मार्च

सांगितलं. ही ताटावरून उठून गेली.

७ मार्च

श्वासाचं मशीन परत देऊन टाकलं, तरी त्याची घरघर येतेच कानावर. उठून खोलीत जातो. पलंगावर गादीसुद्धा नाही. मग आठवतं — तो तिकडे आहे. प्रयोगशाळेत, पेशी वाढवायच्या उबेच्या कपाटात.

ही म्हणते, "जन्मभर सुया टोचल्या. आता तरी सोडा म्हणावं त्याला."

मी म्हटलं, औषध लागू पडलं तर इतर मुलांना —

"इतर मुलांचं मला सांगू नका!"

११ मार्च

"बंद करा" असं सांगायलाच दोघं गेलो. बाई म्हणाल्या, "करते. पण एकदा बघणार?"

सूक्ष्मदर्शकाखाली लांबट धागे, एकमेकांना बिलगून. बाईंनी विजेचा बारीकसा झटका दिला. धागे आखडले. सैल झाले. पुन्हा आखडले. पाण्याचा पेला उचलवत नव्हता त्याला!

हिने बराच वेळ डोळा काढला नाही.

"दुखतं का त्याला?"

"नाही हो काकू. दुखायला मेंदू लागतो. तिथे नुसता स्नायू आहे."

"म्हणजे साहेब अजून कामावर आहेत म्हणायचे."

बंद करा काही ती म्हणाली नाही. बाईच सांगत होत्या — औषध दिलेल्या पेशी निरोगी माणसाच्या पेशींशी ताडून बघाव्या लागतात, पण धडधाकट माणूस कशाला कापून घेतोय.

"माझा तुकडा चालायचा नाही," ही म्हणाली. "दोष माझ्याकडूनच गेला त्याच्यात. यांचा घ्या."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हे कधी निघालं नव्हतं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

२ एप्रिल

मांडीतला तुकडा काढला. टाके ओढतात. जिना चढताना कठडा धरावा लागला. मागे ही — दोन्ही हात पसरून, तो लहानपणी जिना चढायचा तेव्हा त्याच्या मागे असायची तशी.

"सावकाश," म्हणाली. "मी आहे मागे."