चौकातले पट्टे

४ मार्च १९७४, सांगली
सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. मामांच्या हळदीच्या दुकानासमोर नवा सिग्नल लागलाय. गाड्यांना तांबडा दिवा लागला म्हणून शिवणक्लासची विजयमाला रस्ता ओलांडायला निघाली, अन् गुळाचा ट्रक दिवा न जुमानता तिच्या पदराला घासून गेला. ती ओरडली नाही. मी ओरडलो.
ठराव : आधी चौक सुरक्षित करणार, मग मागणी घालणार. क्रम बदलायचा नाही.

६ मार्च
घड्याळ लावून मोजलं. तांबडा दिवा नऊ सेकंद, म्हाताऱ्या बनुबाईंना ओलांडायला लागतात सतरा. नगरपालिकेत जाऊन टेबल बडवलं, रस्ता ओलांडायला पट्टे मारून द्या म्हणालो. कारकून म्हणाला, पट्टे मारायला रंग न्हाई, पुढच्या वर्षी या. त्याला चांगला झापणार होतो, पण तो जेवायला गेला.

९ मार्च
पट्टे मीच मारणार. पिवळे, लांबून दिसणारे. चुना आणला, हळद घरचीच. मामा म्हणाले, साताऱ्याचं कॉलेज अर्ध्यात सोडलंस, आता गावाला रस्ता वलांडायला शिकवतोस व्हय रं? दुर्लक्ष केलं.

१० मार्च, पहाटे
चुन्यात हळद कालवली. लालभडक! हळदीच्या दुकानात वर्ष काढलं, हे कुणी सांगितलं नाही. असो. तांबडा म्हणजे थांबा, उलट बरंच. सरळ रेघेसाठी दोरी ताणली, दोन्ही टोकांना वजन म्हणून नारळ ठेवले.

त्याच दिवशी, अकरा वाजता
नारळ उचलायचे राहिले. बनुबाई ओरडल्या, आवं, उतारा टाकलाय कुनीतरी, लांबनं जावा! सगळा गाव पट्टे चुकवून थेट ट्रकांपुढून. विजयमालासुद्धा. मी ओरडलो, पट्ट्यांवरनं चला. ती म्हणाली, तुमी चला आदी. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पाय मात्र उचलेना.
तेवढ्यात ट्रॅफिकचा हवालदार जोतीराम आला. हात करून ट्रक थांबवले, पट्ट्यांवर बूट आपटले, नारळ फोडून विजयमालाला खोबरं दिलं, अन् पलीकडं पोचवलं.
उद्या त्याला गाठून चांगलंच सुनावणार.

११ मार्च
त्याची सुट्टी होती. वाचला.

२८ एप्रिल
जोतीराम दुकानात आला. लग्नाची हळद पाहिजे म्हणाला. विजयमालानंच सांगितलंय म्हणे, त्याच दुकानातली आणा, रंग लय पक्का हाय, चौकातला अजून जाईना. मामा म्हणाले, तोल रं. तोलली. वर चिमूटभर जास्तच घातली.
लोक आता पट्ट्यांवरूनच जातात. बनुबाईसुद्धा. चौक सुरक्षित झाला. क्रमाप्रमाणे आता मागणी घालायची होती.
वही मिटतो, दार ओढून घेतो, पट्ट्यांवरनं एकदा मीही चालून येतो.