मुख्यालयी राहते, सबब ठराव मंजूर

१५ ऑगस्ट

झेंडा झाला. पोरांची भाषणं झाली, जिलेबी वाटली. मग मारोतीच्या सभामंडपात ग्रामसभा. ग्रामसेवकानं दरवर्षीचा ठराव वाचला. मास्तर, तलाठी, सिस्टर हे सर्व गावातच मुख्यालयी राहतात, सबब त्यांना घरभाडे भत्ता मिळण्यास ग्रामसभेची हरकत नाही. दरवर्षी तो वाचते, लोक हात वर करतात, चहा येते. गेल्या साली मी नवीन सरपंच, मीही हात वर केला आन् खाली सही ठोकली. मले वाटे, राष्ट्रगीतासारखा हाही एक रिवाज हाय.

यंदा म्हटलं, सिस्टरचं नाव कापा. वाशिमवरून अकराच्या बसनं येते, चारच्या बसनं जाते, उपकेंद्राच्या क्वार्टरले कायमचं कुलूप. ग्रामसेवक म्हणे, "ताई, असं कोणी करत नसते." म्हटलं, "मंग मी करतो. लिहा."

माह्या सुनेले, प्रणालीले, आठवा लागला. पहिल्या बाळंतपणात तिची आई होती, माहेरी सगळं निभलं. आता आई नाही, माहेरी कोणी पाहणारं नाही. आन् या खेपेस बीपी वाढून राह्यलं. वाशिमच्या डॉक्टरीणबाईनं सांगतलं, दोन दिवसाआड मोजा, डोकं दुखलं का लगेच घेऊन या. मोजाचं कोणी? आशाताईचं मशीन बिघडलेलं. गावात सरकारनं नर्स देल्ली हाय, तं तिनं गावात राहावं, एवढंच माह्यं म्हणणं.

१६ ऑगस्ट

ग्रामसेवकाचा फोन. माह्या फोनवर नाही, यांच्या. "भाऊ, बाईले समजवा जरा." सरपंच मी, आन् ठरावाचं बोलणं नवऱ्यासंग! हे म्हणे, "बापा, ते माह्याच्यानं होत असतं तं तीस वर्षांत झालं नसतं का?" हसू आलं, रागही आला.

मग भाकर खाता खाता हळूच विचारते माणूस, "मास्तरचं नाव काहून नाही कापलं?"

मास्तर शेलूबाजारावरून येते, सगळ्यांले माहीत. काय सांगाव? प्रणालीले मास्तर नाही लागत, सिस्टर लागते. यांच्या ताटात अजून एक भाकर वाढली.

१७ ऑगस्ट

आज सिस्टर अकराच्या बसनं नाही, पहिल्या बसनं आली. वैशाली नाव. चाळिशीच्या आतली, बारीक, तोंडाची फटकळ. दारातूनच सुरू, "ताई, माझ्या पोटावर पाय दिला तुम्ही." मीही सुनावलं, "माह्या सुनेच्या पोटात काय हाय ते दिसते का तुले?" बोलता बोलता बाई रडायलेच लागली.

म्हणे, "क्वार्टर आतून पाहिलं का कधी?"

नाही पाह्यलं. खरं सांगाचं तं कुलूपच तेवढं पाह्यलं होतं. गेली तिच्यासंग. छताचं प्लास्टर पलंगावर पडलेलं. न्हाणीले दार नाही. नळ नाही. मागं माणूसभर गवत, मागच्या पावसाळ्यात तिथूनच साप आत आला म्हणे. "माझ्या आधीच्या तीन सिस्टरांनी दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवला. मीही पाठवला. पोरगी तिसरीत आहे, ताई. इथं झोपवू तिला?"

परत येता येता म्हटलं, आमची समोरची खोली रिकामीच हाय, पोरगा पुण्याले कंपनीत. तू अठी राय. भाडं नको, प्रणालीवर ध्यान ठेव फक्त.

"बघते," म्हणे.

२१ ऑगस्ट

ग्रामसेवकाले म्हटलं, सिस्टर आता राहाले येणार हाय, तो नकार फाडून टाका. त्यानं कपाळाले हात लावला. नकार दुसऱ्याच दिवशी तालुक्याले गेला. "तुम्हीच म्हणाल्या ना, लिहा. मी लिहिलं."

तेवढं एक काम त्यानं वेळेवर केलं.

२ सप्टें. पोळा

बैल सजवले. यांनी खोंडाच्या शिंगाले असा भडक हिंगूळ लावला का बैल मलेच ओळखू येईना. दाराशी ओवाळत होती तं मागून रिक्शा. सिस्टर! गादी, शेगडी, दोन पिशव्या. पोरगी वाशिमले आजीजवळ ठेवली. शाळा मधातच तोडता येत नाही.

पुरणपोळी खाऊन झाल्यावर पहिले प्रणालीले बसवलं, बीपी मोजलं. म्हणे, थोडं जास्त आहे, घाबरू नको, मीठ कमी कर. गोळीची वेळ लिहून देल्ली. प्रणाली इतक्या दिवसांनी मोकळी हासली.

सिस्टर मात्र रात्रीच्याले अंगणात उभी राहून पोरीसंग फोनवर. "होमवर्क केला का, आजीला त्रास देऊ नको." मले ऐकवेना. मी आत आली.

८ सप्टें.

चांगले दिवस. सकाळी चहाच्या आधी बीपी. आता ठीक येते. संध्याकाळी बाया येतात, ओसरीवरच दवाखाना. काल खालच्या वस्तीतल्या एका पोट्टीले विंचू चावला, पाच मिनिटात सिस्टर हजर, इंजेक्शन, पोट्टी वाचली. तिची आजी माह्या पाया पडाले लागली. म्हटलं, माय, तिच्या पड.

यांना म्हटलं, पाह्यलं? नाव कापलं म्हणून झालं हे. हे म्हणे, "हो हो, सरकार." चिडवतात. पण खुशीत होते.

१२ सप्टें.

तालुक्याचे आरोग्य साहेब आले चौकशीले. पांढरी गाडी, संग एक बाबू. ओसरीवर खुर्ची टाकली. म्हणे, "सरपंच ताई, अभिनंदन. असा नकार देणारी ग्रामसभा मी पहिल्यांदाच पाहतो." मी फुगली थोडी. चहा सांगतला.

म्हटलं, साहेब, आता काही राह्यलं नाही. सिस्टर अठीच राह्यते, ही खोली, हे तिचं सामान.

"आता राहतात. चौकशी आधीची आहे. राहत नव्हत्या आणि भत्ता घेतला."

क्वार्टर पाहा म्हटलं, चार पावलावर हाय. "तो विषय बांधकामाचा." चहा घेतला. मग, "या खोलीचं भाडं किती घेता?"

कौतुकानं सांगतलं, एक रुपया नाही.

बाबूनं ते लिहून घेतलं. साहेब म्हणे, "म्हणजे पदाधिकाऱ्याकडून फुकट निवास. वर्तणूक नियमात बसत नाही, ताई. आणि घरच्या पेशंटच्या बदल्यात. हे तर अजूनच वाईट दिसतं." सिस्टर भिंतीले टेकून उभी, तोंड पांढरं. मी म्हटलं, आजपासून भाडं घेतो मंग! साहेब हासले.

माह्यं डोकं फिरलं. विचारलं, "साहेब, तुमी कुठं राह्यता?"

"अकोल्याला. का?"

"तुमचं मुख्यालय तं तालुक्याले ना?"

त्यानं पेनाले टोपण लावलं, उठला. म्हणे, "माझा ठराव ग्रामसभेत येत नाही."

गाडी गेली. कप तसेच पडले होते.

१३ सप्टें.

तालुक्याले गेली, मेडशीवरून बस बदलून. तक्रार मागं घेतो म्हणून अर्ज देल्ला. बाबू म्हणे, ही तक्रार नाही, ग्रामसभेचा नकार आहे. म्हटलं, ग्रामसभा मी बोलावतो, होकार देतो. म्हणे, होकार पुढचा होईल, मागचा नाही. आता प्रक्रिया सुरू झाली, थांबवता येत नाही.

म्हटलं, दादा, सुरू तं मीच केली.

"हो, पण आता ती तुमची नाही."

कडक बोलला नाही तो. चांगला बोलला, बसाले खुर्ची देल्ली. त्याच्यानंच जास्त लागलं. येताना बसमध्ये एक ओळखीची बाई भेटली, म्हणे, सरपंचबाई, तुमी तं लय धाडस केलं. खिडकीकडे तोंड करून बसली मी.

२० सप्टें.

आदेश आला. सिस्टर निलंबित. "निलंबन काळात त्यांचे मुख्यालय मानोरा राहील व पूर्वपरवानगीशिवाय त्यांना मुख्यालय सोडता येणार नाही."

सिस्टरनं दोनदा वाचला. मग हासली, रडता रडता. "इथं राहत नव्हते म्हणून इथून काढलं, ताई. आता मानोऱ्याला राहा म्हणतात. तिथं ना दवाखाना माझा, ना पेशंट."

सामान बांधून देल्लं. प्रणालीनं तिच्यासाठी शंकरपाळे केले होते, ते पिशवीत टाकले. सिस्टरनं जाता जाता अखेरचं बीपी मोजलं. म्हणे, मोजायला नको खरं तर, आजपासून मी कोणी नाही. मोजलं तरी. वर चढलेलं. मले बाजूले घेऊन म्हणाली, "पायावर सूज आली, डोळ्यासमोर अंधारी आली, तर कोणाची वाट पाहू नका. थेट वाशिम."

मी तिचे हात धरले. माफी मागाची होती. तोंडातून निघालं भलतंच, "पोरीले एकदा घेऊन ये सुट्टीत." ती हो म्हणाली.

रिक्शा वळली तं लोक ओट्यावरून पाहत होते. विंचवाच्या पोट्टीची आजीही.

२३ सप्टें.

आता माह्यी पाळी. नोटीस. गेल्या वर्षी सिस्टर मुख्यालयी राहतात असा खोटा ठराव माह्या सहीनं गेला. शासनाची फसवणूक. सरपंचपद काहून काढू नये, सात दिवसात खुलासा द्या.

ग्रामसेवक म्हणे, "म्हटलं होतं ना, असं कोणी करत नसते." त्याचीही सही हाय त्या ठरावावर. त्याले नोटीस नाही. विचारलं तं म्हणे, "मी फक्त सभेचं लिहितो."

हे रागावले नाही. तेच जास्त वाईट. म्हणे, "पद गेलं तं जाऊ दे. पोरीचं पाह्य." मी चुलीसमोर बसून भल्ली रडली. प्रणाली धावत आली, तं तिलेच खाली बसवावं लागलं.

२५ सप्टें.

पोरानं पुण्याहून बीपीचं मशीन पाठवलं. एकदा एक दाखवते, पाच मिनिटानं दुसरंच. प्रणाली म्हणे, आई, तुमी इतक्या घाबरून पाह्यता का माह्यं आपोआप वाढते.

वाशिमले आधीच नेऊन ठेवाव म्हटलं. दवाखान्यात म्हणाले, आता भरती नाही करत, कळा आल्यावर या, तोवर गावच्या सिस्टरकडून तपासून घ्या. गावच्या सिस्टरकडून!

सोयाबीन सोंगणीले आलं. मजूर मिळून नाही राह्यले. हे पहाटेच वावरात जातात. नाल्याले पाणी आलं का गाव तुटते, अजून पाऊस गेला नाही.

२८ सप्टें.

आमच्या उपकेंद्राचा चार्ज शोभा सिस्टरले. तिच्याकडे तिच्या गावासंग अजून एक, आमचं तिसरं. आज पहिल्यांदा आली स्कूटीवर. वयानं मोठी, शांत बाई. प्रणालीले नीट तपासलं, घाई नाही केली. पायावर थोडी सूज हाय, पण आज वाशिमले नेण्यासारखी नाही म्हणाली. बाळ ठीक.

चहा घेताना सरळच बोलली, वैशालीसारखी रडली नाही. "ताई, मी खोटं नाही बोलत तुमच्याशी. माझी रिटायरमेंट जवळ आली. वैशालीचं पाहून आम्ही सगळ्या धास्तावलो; इथला चार्ज आहे आणि इथं राहत नाही म्हणून उद्या माझीही चौकशी लागेल. दोन तारखेच्या ग्रामसभेत माझा ठराव घ्या, मुख्यालयी राहते म्हणून. ठराव असला की मी दिवसाआड येते, सूनबाईच्या वेळेला इथंच थांबते. ठराव नसला तर मी माझ्या गावात बसते. नियमानं माझं मुख्यालय तेच आहे."

काय चूक बोलली? मी चूक शोधत होती, सापडली नाही.

"तुमी तं तिकडं राह्यता," म्हटलं.

"हो. म्हणूनच ठराव पाहिजे."

३० सप्टें.

खुलासा लिहाले बसली. लिहिलं का मागचा ठराव रिवाजानं झाला, मले माहीत नव्हतं, यापुढं खोट्या ठरावावर सही करणार नाही. वाचून यांना ऐकवला. हे म्हणे, "यापुढचं कायले लिहिते? परवा सभा हाय."

शेवटची ओळ खोडली. मग पुन्हा लिहिली. खुलासा तसाच गेला, ओळीसकट. काहून ठेवली, मलेच माहीत नाही.

प्रणालीचं डोकं दुखत होतं दुपारी. वाशिमसाठी गाडी सांगाले निघाली, तं झोपल्यावर थांबलं.

२ ऑक्टो.

सभामंडप भरलेला. एवढे लोक एरवी येत नाहीत. शोभा सिस्टर मागं बायांत, मांडीवर बीपीचं मशीन ठेवून. सभेच्या आधी घरी येऊन मोजून गेली, पुन्हा चढलेलं.

ग्रामसेवकानं वाचला. मास्तर, तलाठी, शोभा सिस्टर हे सर्व गावातच मुख्यालयी राहतात. सबब. माह्याकडे न पाहताच म्हणाला, "मंजूर असल्यास हात वर करा."

सगळे हात वर. माणसांचे, बायांचे. विंचवाच्या पोट्टीच्या आजीचा सर्वात पहिले. माह्यं मन म्हणून राह्यलं, कोणी तरी नाही म्हणा रे, एक जण तरी म्हणा. कोणी नाही.

मग पाह्यलं तं प्रणाली. नको येऊ म्हटलं होतं, तरी आलेली, खांबाले टेकून बसलेली. एक हात पोटावर. दुसरा वर. माह्याकडेच पाहत होती. हट्ट नाही, राग नाही, भेली होती पोरगी.

ग्रामसेवकानं रजिस्टर पुढं सरकवलं, पेन उघडून देल्लं. चहा येऊन ठेपला. म्हटलं, "आधी चहा घ्या सगळे, मंग सही."

लोक चहा घेऊन राह्यले. मी रोजनिशी पिशवीतून काढली, हे मंडपातच लिहून राह्यली. ग्रामसेवकाले वाटते सहीच करून राह्यली मी. प्रणालीचा हात अजून खाली नाही आला. बाजूची बाई तिले सांगते, "पोरी, झालं ते, खाली कर आता." ती करत नाही.