खुर्चीतला अंतराळवीर

सोमवार, ता. ३

चि. ठिपकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी इकडे खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, पण मी खुशाल नाही. पत्र वाचून लगेच फोन उचलू नकोस. माझ्या कानांचं तुला माहीत आहे. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानं भरते. उत्तर कागदावरच दे आणि पहिल्या टपालानं दे.

शनिवारी दाढ काढायला गेले होते. आपल्या दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना नवा केलाय. बसायच्या खोलीत माशांची पेटी ठेवलीय आणि पेटीच्या वर भिंतभर एक चित्र टांगलंय. माझा चष्मा दुरुस्तीला गेलाय, तरी दिसावं एवढं मोठं. जुना काळा-पांढरा फोटो. एक बाई उभी, तिच्या कडेवर वर्षाचं बाळ, शेजारी रिबीन बांधलेली, एक मोजा घसरलेली मुलगी. आणि मधोमध वेताच्या खुर्चीत लाल झगा, डोक्यावर काचेचा गोल टोप, मांडीवर किरणांची बंदूक घेतलेला अंतराळवीर! पोरांच्या कॉमिक्समध्ये असतो तसला. आधी मला हसूच आलं. मग त्या घसरलेल्या मोज्याकडे लक्ष गेलं आणि हसू थांबलं. तो मोजा माझा आहे, ठिपके. ती मुलगी मी आहे. कडेवरचं बाळ म्हणजे तुझे पप्पा आणि ती बाई माझी आई, तुझी आजी.

नर्सबाईंनी दोनदा हाक मारली म्हणे. मी आ वासून उभी. डॉक्टर म्हणाले, भूल द्यायच्या आधीच एवढं तोंड उघडणारा पेशंट मी पहिल्यांदा पाहतोय. मग त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं की चित्र प्रदर्शनातून घेतलंय आणि चित्रकर्ती सहीऐवजी नुसता ठिपका काढते. तो ठिपका मी ओळखणार नाही होय? तुझ्या हनुवटीवरच्या तिळावरून तुला नाव मीच पाडलं.

तुझ्या धंद्याला माझी ना नाही. लोकांच्या आज्यांना तू गॉगल चढवतेस, हातात गिटार देतेस, लग्नाच्या फोटोत नवरदेवामागे डायनोसॉर उभा करतेस आणि लोक ते पैसे मोजून नेतात. चाळीस वर्षं स्टुडिओत बसून मीही लोकांचे मुरूम पुसले आणि टकलांवर केस उगवले, तेव्हा मी कोण तुला नावं ठेवणार? पण हा फोटो तुझ्याकडे आलाच कसा? तुझ्या जन्माच्याही आधी मी तो तळ्याच्या चित्रामागे घालून फ्रेमीला खिळे ठोकले होते. शनिवारी घरी येऊन फ्रेम उघडली तर मागे नुसता पुठ्ठा. तळ्याची चित्रं दोन होती आणि घर बदलताना मी भलतंच तळं सोबत आणलं.

आता नीट वाच. खुर्चीतल्या माणसाच्या चेहऱ्याला तू हात लावलास का? तुझ्या चित्रातल्या नव्हे, मूळ फोटोतल्या. मला भीतीनं झोप नाही. आणि तुझे पप्पा गुरुवारी कवळीचं माप द्यायला त्याच दवाखान्यात येताहेत. तो फोटो ओल लागून वाया गेला असं मी त्याला तीस वर्षांपूर्वी सांगितलंय. काहीही सबब काढ, पण त्याला अडव.

दाढेची जागा ठणकते आहे. लोभ आहेच, तो तेवढा मुळापासून उपटू नकोस.

तुझी आत्या


गुरुवार, ता. ६

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता मी कुंचला पाण्याच्या भांड्यात बुडवला असं मला वाटलं, पण तो चहात बुडवला होता. आणि तोच चहा मी प्यायले. यावरून इकडची अवस्था ओळख.

पहिलं वाईट ते आधी सांगते. पत्र हातात पडताच घरी फोन केला. आई म्हणाली, पप्पा सकाळच्या बसनं निघालेसुद्धा. त्यांचा मोबाइल नेहमीप्रमाणे टेबलावरच.

फोटो कसा आला म्हणून विचारतेस! अगं, तूच दिलास. घर बदललंस तेव्हा फ्रेमींचा ढीग माझ्या गळ्यात घालून म्हणालीस, अडगळ आहे, घेऊन जा. आणि फ्रेम हातात आली की आधी मागून उघडायची, हेही तूच शिकवलंस. तळ्यामागून हे कुटुंब निघालं. मला वाटलं, स्टुडिओचं कुठलं तरी गिऱ्हाईक. तुझा लहानपणचा फोटो मी कधी पाहिलाय का? विचारलं की तू म्हणायचीस, फोटोवाल्यांच्या घरात फोटो नसतात. काखेत कळसा नि गावाला वळसा तो असा.

आता चेहऱ्याचं. आत्या, रागावू नकोस. खुर्चीतल्या माणसाचं तोंड कुणी तरी रंगानं नवीन बसवलं होतं. कुणी तरी म्हणजे अगदी हातोडा घेऊन. उकडलेला बटाटा बरा. सगळ्यांच्या डोळ्यांतला उजेडाचा ठिपका डावीकडे आणि या गृहस्थांचा उजवीकडे. शिवाय ओलीनं पोपडे धरलेले. तुझी पुतणी असून मला ते बघवेना. मी कापूस ओला केला आणि एक हात फिरवला. मला वाटलं होतं, खाली कोरा कागद लागेल. खाली दुसराच माणूस होता.

तरणा, बिनमिशांचा, आणि हसतोय. जुन्या फोटोत असं दात दाखवून कुणी हसत नाही. पुढच्या दोन दातांत ही एवढी फट. पप्पांसारखीच, असं मी फ्रेमवाल्याला म्हणालेसुद्धा आणि तरी माझी ट्यूब पेटली नाही. त्याला पुन्हा झाकायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून काचेचा टोप घातला. लांबून काच चमकते, जवळ गेलं की आत तो दिसतो. चष्मा असता तर तुलाही दिसला असता. पाच प्रती काढल्या, पाचही आठवड्यात गेल्या. लोक काचेला नाक लावून पाहायचे आणि दचकून मागे व्हायचे.

मूळ फोटो माझ्याकडे नीट आहे. पण ते बटाट्याचं तोंड गेलं, आत्या. ते परत येणार नाही. एक कोडं मात्र अजून सुटत नाही. तुमच्या काळी असल्या कामाला तेलरंगच वापरत, हे तूच दहादा सांगितलंयस. या नवशिक्यानं पाण्याचे रंग का वापरले? तेलाचा असता तर माझ्या कापसानं हललाही नसता.

कोण आहे तो माणूस?

आशीर्वाद असावा, निदान चापट मारण्यापुरता तरी.

तुझी ठिपकी


शुक्रवार, ता. ७

ती. ताईस,
शि. सा. न.

काल तुझ्याकडे चहाला यायचं ठरलं होतं आणि मी आलो नाही. खोटं कशाला सांगू, तुझ्या दारापर्यंत आलो होतो. बेलवर बोट ठेवलं आणि तसाच बसस्टँडवर गेलो.

तू चित्र पाहिलंस हे डॉक्टरांनी सांगितलं. मी शिरता शिरताच फोटो ओळखला. माझ्या अभ्यासाच्या टेबलासमोर तो टांगलेला असायचा. खुर्चीत अण्णा, त्यांच्याकडे बघत मी पाढे पाठ केले. पोरीनं कुठूनसा तो मिळवून अण्णांना अंतराळात पाठवलं म्हणून मला हसू आवरेना. शेजारच्या बाईंना सांगितलंसुद्धा, हे आमचे वडील. त्या म्हणाल्या, हो का, तुमच्यासारखेच दिसतात. असं आजवर मला कुणी म्हणालेलं नव्हतं, म्हणून मी उठून काचेजवळ गेलो.

काचेत अण्णा नव्हते. मी होतो. पंचविशीतला मी, मिशी यायच्या आधीचा. मागच्या महिन्यात पुढचे दात काढले तेव्हापासून माझी जीभ उगाच त्या फटीची जागा चाचपत असते. ती फट तिथे भिंतीवर होती. मला वाटलं, पोरीनं माझी थट्टा केली, माझंच तोंड चिकटवलं. घरी येऊन तिला फोन केला. ती हसायच्या ऐवजी रडायला लागली आणि म्हणाली, आत्याला विचारा.

म्हणून विचारतो. मी एकसष्ट वर्षांचा आहे, मला जपू नकोस. काल रात्री आरशासमोर उभा राहून मी अण्णांचं काहीतरी शोधत होतो, कान, नाक, निदान कपाळ. काही सापडलं नाही. मी कुणाचा, ते लिही.

कवळीचं माप झालं. सगळ्यांना नमस्कार लिहायची सवय आहे, पण तुझ्याकडे तू एकटीच आहेस, तेव्हा तुलाच पुन्हा एकदा.

तुझा धाकटा


सोमवार, ता. १०

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मी पन्नास वर्षं कोंबडं झाकून बसले होते आणि तांबडं फुटलं ते दातांच्या दवाखान्यात. बेल वाजली नाही, पण दाराच्या काचेतून तुझी सावली मला ओळखू आली होती. दार उघडायचा धीर मलाही झाला नाही.

काचेतले आपले बाबा आहेत. तुझे आणि माझे. बोटीवर नोकरीला होते. निघायच्या आदल्या दिवशी तो फोटो काढला. माझा मोजा घसरला म्हणून ते हसले आणि फोटोवाल्यानं नेमकं तेव्हाच बटण दाबलं. तीन महिन्यांनी बोट बुडाल्याची तार आली. तू दीड वर्षाचा होतास. तो फोटोवाला म्हणजे अण्णा. पुढे वर्षभरानं त्यांनी आईला मागणी घातली, आपण सगळे दुसऱ्या गावी आलो आणि अण्णांनी आईला एकच अट घातली, की सावत्र हा शब्द या घराचा उंबरा ओलांडून आत येता कामा नये. तो कधी आला नाही. तुला आठवतं का बघ, कुणाच्या तोंडून तू तो ऐकलास का?

तू अकरा वर्षांचा असताना शाळेतून रडत आलास. सगळ्यांचे तान्हेपणीचे फोटो वडिलांबरोबर आहेत आणि तुझा नाही म्हणून. बाबांचा तो एकच फोटो आपल्या घरात होता. आई रात्रभर विचार करत बसली आणि सकाळी मला म्हणाली, तुझा हात चांगला आहे, या खुर्चीत अण्णांना बसव. मी सोळा वर्षांची. ठिपकीला सांग, तो उकडलेला बटाटा तुझ्या आत्याचा होता. डोळ्यांतले ठिपके उजवीकडे पडले कारण माझे डोळे भरले होते. काय करतेय ते मला दिसत नव्हतं. माझ्या बापाला मी माझ्या हातानं पुसलं, धाकट्या, आणि तू शाळेतून येऊन आनंदानं उड्या मारल्यास. आई गेल्यावर तो फोटो मी भिंतीवरून काढला. मला माझं काम बघवत नव्हतं.

तुला सांगायला हवं होतं. आईला शब्द दिला होता ही सबब झाली. खरं म्हणजे, म्हणजे तू माझी अर्धीच बहीण का, असं तू विचारशील अशी मला भीती वाटायची. मी पुरी आहे. बाप एक, आई एक.

आता एक गोष्ट, जी मलाच शनिवारी ठिपकीचं पत्र वाचताना कळली. तिनं विचारलं, पाण्याचे रंग का? मी पत्र खाली ठेवलं आणि मला ती सकाळ जशीच्या तशी दिसली. मी तेलरंगाची ट्यूब उघडली होती. अण्णांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाले, नवशिक्यानं आधी पाण्याच्या रंगावर हात बसवावा. आणि स्वतः बशीत रंग कालवून दिला. स्वतःच्या तोंडाचा रंग! हेच अण्णा रोज दुकानात बजावायचे, की पाण्याचा रंग गिऱ्हाइकाला कधी देऊ नका, ओल्या बोटानं पुसला जातो. मला तेव्हा काही कळलं नाही. पन्नास वर्षं कळलं नाही. त्यांना ठाऊक होतं, धाकट्या. कुणी तरी एक दिवस ओला कापूस घेऊन येईल आणि बाबा खाली जागच्या जागी असावेत, एवढी सोय त्यांनी मुकाट्यानं करून ठेवली होती.

काल चष्मा मिळाला. आज पुन्हा दवाखान्यात गेले, दाढ दुखतेय असं खोटंच सांगून. पन्नास वर्षांनी बाबांना पाहिलं. माझ्या मोज्याला हसताहेत. मला तिथेच रडू कोसळलं आणि नर्सबाईंनी मला रांग मोडून आत पाठवलं.

रागव, बोल, पण गप्प बसू नकोस. तुझा लोभ होता तेवढाच राहू दे, जास्त मागायचा मला हक्क नाही.

तुझी ताई


सोमवार, ता. १७

ती. ताईस,
शि. सा. न.

दोन दिवस रागावलो होतो. ते संपलं. तिसऱ्या दिवशी बाबांवर रागवायचं ठरवलं, पण त्या हसऱ्या माणसावर रागवता येईना.

ठिपकी काल येऊन गेली. मूळ फोटो घेऊन आली होती. आम्ही तिघं जेवायच्या टेबलावर तो ठेवून बराच वेळ बसलो. ती नवीन प्रत मोठी करून आणतेय. त्यात अंतराळवीर नको म्हणाली, मी म्हटलं झगा राहू दे, टोप काढ. खुर्चीच्या मागे, आई आणि बाबांच्या मधोमध, माणूसभर जागा आहे. फोटो काढणारा त्या दिवशी कॅमेऱ्यामागे उभा होता, त्याला आता पुढे आणायचं आहे. ठिपकी म्हणाली, मी काढते. मी नाही म्हणालो. ते काम तुझं आहे.

रविवारी मी प्रत घेऊन येतो. बेल वाजवीन. या वेळी डोळ्यांतले ठिपके डावीकडे काढ आणि बटाटा करू नकोस.

रंगही मीच घेऊन येतोय, तेलाचा. बशीत पाणी घेऊन बसू नकोस.

लोभ मागायचा नसतो, ताई, तो घरचाच असतो.

तुझा धाकटा